मुलें, इंद्रियें व मेंदू : एका शिक्षणपद्धतीचें परीक्षण

‘हात लावूं नये’ ही पाटी ज्यानें प्रथम लिहिली तो गृहस्थ मोठा शिस्तप्रिय असला पाहिजे. परंतु त्याला लहान मुलांचा सहवास फारसा घडला नसावा. वस्तु दिसली कीं मूल प्रथम हात पुढें करतें, मग ती तोंडांत घालतें, आणि डोळ्यांनीं नीट निरखण्याचें काम या दोहोंच्या मागून येतें. ज्ञानाचा हा स्वाभाविक क्रम आमच्या शाळांनीं उलटा केला, आणि पदार्थसंग्रहालयांनीं तर मध्यें कांचेचीं कपाटें उभीं करून तो पार मोडून टाकला. संग्रहालय म्हटलें कीं पेंढा भरलेला वाघ, अंगावर चिठ्ठी चिकटवलेला दगड आणि मागून फिरणारा शिपाई, एवढेंच आमच्या पिढीला आठवतें.

हा क्रम पुन्हां सुलट करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकांत पश्चिमेकडे झाले. लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत १९३१ सालीं मुलांसाठीं निराळें दालन निघालें. पॅरिस येथें १९३७ सालीं प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखविणारें एक मोठें विज्ञानमंदिर उघडलें. परंतु प्रयोग दाखविणारा बाजूस सरून तो प्रेक्षकाच्याच हातीं देण्याची रीत खऱ्या अर्थानें रूढ केली ती सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत १९६९ सालीं निघालेल्या ‘एक्सप्लोरेटोरियम’ या संस्थेनें. तेथील इतर विषय बाजूस ठेवून, मुलांना इंद्रियें व मेंदू यांचें ज्ञान देण्यासाठीं ज्या मांडण्या तेथें व तिच्या धर्तीवर अन्यत्र झाल्या, तेवढ्यांचेंच परीक्षण मला येथें करावयाचें आहे. नाटकाचें किंवा कादंबरीचें परीक्षण करावें तसें अशा मांडणीचेंही करतां येतें. कारण तिलाही कर्ता असतो, हेतु असतो, आणि तो हेतु साधला कीं फसला हें प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर उमटतें.

या संस्थेचा जनक फ्रँक ऑपेनहायमर (१९१२–१९८५) याच्या चरित्राविषयीं चार शब्द सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. अणुबाँबमुळें ज्याचें नांव जगाला परिचित झालें त्या रॉबर्ट ऑपेनहायमरचा हा धाकटा भाऊ. स्वतःही पदार्थविज्ञानाचा पंडित, आणि त्या बाँबच्या कामांत राबलेला. पूर्वीं कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता म्हणून १९४९ सालीं त्याला मिनेसोटा विद्यापीठांतील जागा सोडावी लागली. पुढें कोणत्याच विद्यापीठाचें दार उघडेना, तेव्हां या गृहस्थानें कोलोरॅडोच्या डोंगरांत जमीन घेऊन गुरें पाळलीं. अशीं कित्येक वर्षें काढल्यावर १९५७ च्या सुमारास पागोसा स्प्रिंग्ज या तेथल्याच लहानशा गांवच्या शाळेंत त्याला शिक्षकाचें काम मिळालें. शाळेंत उपकरणें नव्हतीं, म्हणून तो मुलांना गांवच्या उकिरड्यावर नेई आणि टाकून दिलेल्या यंत्रांचे भाग उचलून त्यांवरून यंत्रशास्त्र, उष्णता व वीज शिकवी. पुढें कोलोरॅडो विद्यापीठांत त्यानें ‘प्रयोगांचें ग्रंथालय’ उभारलें. म्हणजे पुस्तक काढून वाचावें तसा विद्यार्थ्यानें आपला आपण जाऊन प्रयोग करावा. १९६५ सालीं शिष्यवृत्तीवर लंडनला असतां त्यानें युरोपांतील संग्रहालयें डोळसपणें पाहिलीं, आणि परत गेल्यावर १९१५ च्या प्रदर्शनासाठीं बांधलेल्या एका भव्य पण ओस पडलेल्या इमारतींत आपलें बिऱ्हाड थाटलें. संग्रहालयांत कोणी नापास होत नाहीं, अशा अर्थाचें त्याचें एक वचन प्रसिद्ध आहे. ज्याला एकदां सरकारी चौकशीच्या परीक्षेंत नापास करून घरीं बसविलें होतें, त्याच्या तोंडीं या वाक्याला निराळेंच वजन येतें.

असा मनुष्य पहिला विषय कोणता निवडील? तारे नव्हेत, वाफेचीं यंत्रें नव्हेत, अणूही नव्हे. त्यानें निवडला तो माणसाला दिसतें कसें, ऐकूं येतें कसें, स्पर्श कळतो कसा, हा. इंग्लंडांतील रिचर्ड ग्रेगरी याचा डोळा व मेंदू यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९६६ सालीं निघाला होता. दिसणें म्हणजे डोळ्यांनीं आणलेल्या तुटपुंज्या पुराव्यावरून मेंदूनें बांधलेलें अनुमान होय, हें त्यांतील मुख्य प्रतिपादन. दुर्बिणीचा प्रयोग करावयाचा तर दुर्बीण हवी; परंतु या विषयाचें उपकरण प्रत्येक पोर आपल्या धडावर घेऊनच दारांतून आंत येतें. निवड किती शहाणपणाची होती हें एवढ्यावरूनच कळेल.

आतां प्रत्यक्ष मांडण्या पाहूं. १९७५ पासून या संस्थेनें आपल्या मांडण्यांच्या कृती पाककृतींच्या पुस्तकासारख्या छापून प्रसिद्ध केल्या, त्यामुळें त्यांच्या प्रती जगभर झाल्या. आमच्याकडेही त्या पाहावयास मिळतात. त्यांतील वांकडी खोली बहुतेकांस ठाऊक असेल. अॅडलबर्ट एम्स या अमेरिकन संशोधकानें ती योजिली. खोलीच्या भिंती, जमीन व खिडक्या अशा बेतानें तिरप्या केलेल्या असतात कीं एका ठराविक भोंकांतून पाहिलें असतां ती चारचौघांच्या घरासारखी चौकोनी दिसते. मग एका कोपऱ्यांत उभा असलेला धाकटा भाऊ राक्षसाएवढा व दुसऱ्या कोपऱ्यांतील वडील वीतभर दिसूं लागतात, आणि दोघांनीं जागा बदलल्या कीं चालतां चालतां एक वाढतो, दुसरा आटतो. मेंदूपुढें दोनच पर्याय असतात : खोली वांकडी मानावी किंवा बाप बुटका मानावा. जन्मभर चौकोनी खोल्या पाहिलेला मेंदू खुशाल बापाला बुटका करतो! मुलें हंसतात तीं या गमतीनें. परंतु त्यांतलें चुणचुणीत मूल हंसणें थांबवून भोंकाशीं परत येतें. ही मांडणी मला सर्वोत्कृष्ट वाटते ती त्या परत येण्यासाठीं.

दुसरी एक मांडणी म्हणजे १९७१ सालीं ऑगस्ट कोपोला यानें रचलेला स्पर्शाचा घुमट. आंत मिट्ट काळोख. रांगत, घसरत, चांचपडत जावयाचें. डोळा हा सगळ्या इंद्रियांत मोठा वाचाळ. तो बोलत असतांना त्वचेचें कोणी ऐकत नाहीं. त्याला गप्प केल्याबरोबर तळहात, कोपर, गुडघे हीं बोलूं लागतात. तिसरी मांडणी अर्धपारदर्शक आरशाची. त्याच्या दोन बाजूंस दोघांनीं बसावें व दिव्यांचा उजेड कमीजास्त करावा, म्हणजे एकाचा चेहरा हळूहळू दुसऱ्याच्या चेहऱ्यांत मिसळतो. आणि चौथी, मला विशेष आवडलेली, म्हणजे शौचकूपाच्या आकाराचें पिण्याच्या पाण्याचें कारंजें. भांडें कोरें, त्या कामीं कधीं न वापरलेलें, पाणी स्वच्छ. तरी ओंठ पुढें होत नाहींत. बुद्धि म्हणते पी, आणि कोणी दुसराच आंतून म्हणतो शिवूं नकोस. सोंवळ्याओंवळ्यांत जन्म घालविलेल्या आमच्या आजीला हें कारंजें समजावून सांगावें लागलें नसतें. तिनें नातवंडांनाच चार गोष्टी सांगितल्या असत्या.

या मांडण्यांचें मर्म सांगण्यास आमच्या जुन्या शास्त्रकारांचा एक भेद फार उपयोगी पडतो. भ्रम दोन प्रकारचे, असें वेदान्ती मानतात. दोरीवर साप भासला आणि दिवा आणून पाहिलें कीं साप नाहींसा होतो. ज्ञान झालें कीं भ्रम संपला. हा निरुपाधिक भ्रम. परंतु जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो तो, ‘हा पांढरा आहे’ हें ठाऊक झाल्यावरही, लालच दिसत राहतो. मृगजळाचेंही तसेंच. हा सोपाधिक भ्रम. शाळेंतील शिक्षण बहुतेक पहिल्या जातीचें असतें. दिवा आणावा, साप घालवावा व पुढच्या धड्याकडे वळावें. इंद्रियांच्या उत्तम मांडण्या मात्र सगळ्या दुसऱ्या जातीच्या आहेत. पोकळ मुखवटा आंतल्या बाजूनें पाहिला तरी तो फुगीर चेहरा म्हणूनच दिसतो. तो पोकळ आहे हें सांगून, हात घालून, पटवूनही डोळा ऐकत नाहीं. ज्याला कळतें तो मी, आणि ज्याला दिसतें तोही मीच, तरी दोघांचें जमत नाहीं, हा अनुभव दहा वर्षांच्या मुलाला पांच मिनिटांत येतो. एरवीं तो येण्यास ग्रंथ वाचावे लागतात.

येथें एक धोकाही आहे, आणि या संस्थांचे चालक त्याकडे पुरेसें लक्ष देत नाहींत अशी माझी तक्रार आहे. चमत्कारामागून चमत्कार पाहून मूल घरीं येतें तें ‘डोळे खोटें बोलतात’ एवढेंच वाक्य घेऊन. हा निष्कर्ष चुकीचा आहे. खोल्या सहसा चौकोनी असतात आणि चेहरे सहसा फुगीर असतात, म्हणून तर मेंदूचा अंदाज तसा बसला. हजारांत नऊशें नव्याण्णव वेळां तो बरोबर येतो आणि त्यावरच आपण रस्ता ओलांडतों. वांकड्या खोलीशेजारीं एक सरळ खोली उभी करून ‘येथें तुझा मेंदू बरोबर ठरला’ असें दाखविणारी मांडणी मला कोठें आढळली नाहीं. तिला गर्दी होणार नाहीं हें खरें.

हें झालें इंद्रियांचें. मेंदूची गोष्ट निराळी. इंद्रियें अंगावर आहेत. मेंदू कवटींत बंद. सुमारें तीन पौंडांचा, म्हणजे तेराशें ते चौदाशें ग्रॅमचा तो गोळा, त्यांत ८६ अब्जांच्या आसपास मज्जापेशी, हे आंकडे पाटीवर लिहितां येतात. हाताळतां येत नाहींत. म्हणून रचनाकार दोन आडमार्ग धरतात. पहिला मार्ग आकार वाढविण्याचा. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेंत १९५४ सालापासून एक प्रचंड हृदय आहे, आणि मुलें रक्ताच्या वाटेनें त्यांतून चालत जातात. ही कल्पना उत्तम. कारण हृदय हा पंप आहे, त्याला कप्पे आहेत, झडपा आहेत, व वाट ही त्याच्या कामाचाच भाग आहे. त्याच संस्थेंत २०१४ सालीं मेंदूचें दालन उघडलें, त्यांत मज्जापेशींच्या जाळ्यांतून वर चढण्याची सोय आहे; पाय पडतांच दिवे व आवाज उमटतात. मुलें आनंदानें चढतात. पण चढून त्यांना कळतें काय? संदेश पेशींतून पेशींत जातो हें. परंतु त्या जाण्यांतून ओळख, भीति किंवा आठवण कशी उपजते या खऱ्या प्रश्नाला त्या शिडीवर पायरी नाहीं. हृदयांतून चालणें हें हृदयाचें ज्ञान आहे. मज्जापेशींवर चढणें हा व्यायाम आहे.

दुसरा मार्ग कळ दाबण्याचा, आणि त्याबद्दल मला सौम्य भाषेंत लिहितां येणार नाहीं. मोठें रंगीत चित्र, खालीं कळांची रांग. ‘दृष्टि’ ही कळ दाबली कीं मागल्या बाजूस दिवा, ‘वाचा’ ही दाबली कीं डाव्या कडेला दिवा. यांत हात गुंततो म्हणून याला हातानें शिकणें म्हणावयाचें असेल, तर जिन्यांतला दिवा लावणारा प्रत्येक मनुष्य शास्त्रज्ञ झाला! प्रयोगांत उत्तर आधीं ठाऊक नसतें, आणि निसर्ग ‘नाहीं’ म्हणूं शकतो. येथें तारा जोडणाऱ्यानें जें ठरविलें तेंच होतें, मग तें खरें असो वा खोटें.

खोटें असतें तेव्हां काय होतें, तें मीं पाहिलें आहे. एका मोठ्या शहरांतील केंद्रांत मी माझ्या नातीला घेऊन गेलों होतों. ती पांचवींत आहे. तेथें एक हातभर लांब लाल जीभ होती. खालीं चार कळा. ‘गोड’ दाबलें कीं टोक उजळे, ‘खारट’ व ‘आंबट’ दाबलें कीं कडा, ‘कडू’ दाबलें कीं मागचा भाग. पोरीनें चारही कळा दाबल्या, शेजारची पाटी वाचली व वहींत चित्र काढलें. बाहेर आल्यावर फाटकापाशीं तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी विकत होते. एक फोड घेऊन, तिखट झटकून, तिनें ती मुद्दाम जिभेच्या टोकाला लावली. तिचा चेहरा आंबट झाला. मग ती बराच वेळ गप्प होती. शेवटीं मला म्हणाली, “आजोबा, माझी जीभ बिघडली आहे का?”

जीभ ठणठणीत होती. बिघडली होती ती पाटी. १९०१ सालीं हेनिग या जर्मन संशोधकानें जिभेच्या निरनिराळ्या भागांत चवीच्या तीव्रतेचा थोडा फरक असतो असें नोंदविलें. १९४२ सालीं बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथांत ती माहिती अशा आलेखानें मांडली कीं थोडा फरक वाचकांना सर्वस्वी फरक वाटला, आणि तेथून हा ‘जिभेचा नकाशा’ पाठ्यपुस्तकांतून जगभर पसरला. १९७४ सालीं पुन्हां काळजीपूर्वक मोजणी झाली, तींत हे फरक नगण्य ठरले. चव कळणारा जिभेचा प्रत्येक भाग सगळ्याच चवी ओळखतो. हें सर्व आज नवें नाहीं. तरी ती लाल जीभ उजळतेच आहे. मला राग आला तो चुकीचा नव्हे. चुका विद्वानांकडूनही होतात. राग आला तो ज्या पद्धतीचा उद्देशच मुलानें आपल्या इंद्रियाची साक्ष काढावी हा, तिनेंच मुलाला आपल्या जिभेबद्दल संशय घ्यावयास लावलें याचा. कैरी प्रयोग होती, आणि पोर मात्र कळेवर विश्वास ठेवून आली होती.

मग मेंदू शिकवावा कसा? माझें उत्तर असें कीं त्याला बाहेरूनच गांठावें. याचा उत्कृष्ट नमुना म्हणजे लोलकाचे चष्मे. असा चष्मा घातला कीं सगळें जग हातभर बाजूला सरकतें. मूल टोपलीकडे चेंडू फेंकतें, तो भलतीकडे पडतो. दुसरा, तिसरा, दहावा फेंकतां फेंकतां नेम बसूं लागतो. कोणी शिकविलें नाहीं, त्यानेंही मुद्दाम कांहीं केलें नाहीं. आतां चष्मा काढा व पुन्हां फेंका : चेंडू उलट दिशेला चुकतो! कवटीच्या आंत कोणीतरी हिशेब बदलला होता आणि तो अजून जुना झाला नाहीं, हें त्या एका चुकलेल्या चेंडूवरून मुलाला दिसतें. दिव्यांच्या शंभर माळांनीं हें साधणार नाहीं. रबरी हाताचा प्रयोगही याच जातीचा. बॉटविनिक व कोहेन यांनीं तो १९९८ सालीं प्रसिद्ध केला. स्वतःचा हात पडद्याआड, समोर रबराचा. दोहोंवर एकाच वेळीं कुंचला फिरूं लागला कीं थोड्या वेळानें रबराचा हातच आपला वाटूं लागतो. ‘माझें शरीर’ हेंही मेंदूनें बांधलेलें अनुमान आहे, हें कळण्यास याहून स्वस्त साधन कोठलें?

आणि प्रत्यक्ष मेंदूच दाखवावयाचा असेल तर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंतील संग्रहालयाप्रमाणें दाखवावा. तेथें औषधांत राखलेला खरा मानवी मेंदू हातमोजे घालून हातांत घेतां येतो. तेथें कळ नाहीं, दिवा नाहीं. गोळा मुका असतो. हा कोणाचा तरी होता, यांत कोणाचें तरी बालपण होतें, एवढें मनांत येऊन मूल तो दोन्ही हातांनीं धरतें. त्यांतून मेंदूचें कार्य कळत नाहीं, आणि कळतें असा आवही कोणी आणीत नाहीं. म्हणूनच ही मांडणी मला प्रामाणिक वाटते.

ऑपेनहायमरच्या पद्धतीवर नेहमींचा आक्षेप असा कीं मुलांना मोकळें सोडलें म्हणजे तीं धांवतात, हँडलें फिरवितात, आणि कांहीं न शिकतां परततात. यांत तथ्य आहे. त्या संस्थेच्याच संशोधकांनीं २००४ सालीं दाखवून दिलें कीं एका मांडणींत फिरवावयाच्या, दाबावयाच्या जागा फार झाल्या कीं प्रेक्षक गोंधळतो व मुख्य गोष्ट हातची निसटते. आपल्या मालाचे दोष आपणच छापणारी संस्था विरळा. त्याबद्दल त्यांना शंभर गुण दिले पाहिजेत. ग्रेगरीनेंही ब्रिस्टल शहरीं अशीच एक संस्था काढली होती. ती १९९९ सालीं बंद पडली. हातानें केल्यावर हातवारे करून कां होईना, पण आपल्या शब्दांत कारण सांगतां आलें पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. हातवाऱ्यांसाठीं समोर ऐकणारा लागतो. एक्सप्लोरेटोरियमनें ही अडचण शाळकरी वयाच्या तरुण मुलामुलींस मदतनीस नेमून सोडविली. तीं प्रेक्षकांसमोर गायीचा डोळा कापतात, भिंग काढून वर्तमानपत्रावर धरतात, आणि अक्षरें मोठीं झालेलीं पाहून समोरचें पोर ओरडतें. आमच्याकडे गायीचा डोळा म्हटल्याबरोबर सभा भरेल. पण खाटकाकडील बकऱ्याच्या डोळ्यानें तेंच काम भागतें.

आमच्या मुंबईंत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची सुरुवात १९७७ सालीं झाली ती प्रकाश व दृष्टि याच विषयाच्या दालनानें, आणि पूर्ण केंद्र १९८५ सालीं उघडलें. पुण्यास ‘आयुका’च्या आवारांत अरविंद गुप्ता यांनीं काड्या, रबरी नळ्या व जुन्या डब्या यांतून खेळणीं करून दाखविलीं, त्यांत तर पागोसाच्या उकिरड्याचीच परंपरा दिसते. तेव्हां साधनें नाहींत ही सबब आतां चालणार नाहीं. दोन टांचण्या पुरतात : बोटाच्या टोकावर त्या दोन-तीन मिलिमीटर अंतरावर असल्या तरी दोन कळतात, पाठीवर चार सेंटिमीटर दूर नेल्या तरी कित्येकदां एकच वाटते. वेबर यानें हें १८३४ सालीं मोजलें. घरांत भावाबहिणींना तें पावसाळ्याच्या एका दुपारीं मोजतां येईल. उणीव आहे ती पाट्या लिहिणाऱ्यांची. आमच्या पाट्यांची भाषा म्हणजे इंग्रजीचें कलेवर. ‘निरीक्षण करा व अनुभवा’ असें लिहून लगेच खालीं काय अनुभवावयाचें तेंही छापलेलें असतें. मग मूल निरीक्षण कशाला करील?

नातीचें राहिलें. घरीं येतांच तिनें चार वाट्या मांडल्या : साखरेचें पाणी, मिठाचें पाणी, लिंबू, कारल्याचा रस. कापसाची बोळी काडीला गुंडाळून तिनें आधीं माझी, मग तिच्या आजीची, आईबापांची व शेजारच्या बिऱ्हाडांतील सर्वांची जीभ तपासली. टोक, दोन्ही कडा, मागचा भाग. दर वेळीं चूळ भरावयाची, दर वेळीं नवी बोळी. एकंदर अकरा जिभा झाल्या, आणि वहींतील तक्त्यांत सगळ्या घरांत फुल्या पडल्या. शेजारचे आजोबा तेवढे कारल्याला उठून गेले, म्हणून त्यांचें एक घर रिकामें आहे. तिनें तो तक्ता उतरवून काढून त्या केंद्राच्या व्यवस्थापकांस टपालानें पाठविला, आणि सोबत माझी मदत न घेतां दोन ओळींचें पत्र लिहिलें : आपल्याकडील जीभ कोणाची आहे तें कृपा करून कळवावें, म्हणजे मला तक्त्यांत बारावें नांव लिहितां येईल. त्यास आतां सात आठवडे झाले. टपालवाला आला कीं ती अजून दारापर्यंत जाते.